निवडुंग, पण रानातलं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘निवृत्तीनंतर काय करता?’ या विषयावर दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी मला सांगितलं आहे. मी गच्चीवर ड्रॅगन फ्रूट लावतो. बाकीही बरंच करतो, पण लोक विचारतात ते त्याचंच. गेल्या दिवाळीपासून आपल्यापैकी तिघांचे फोन आले आणि तिघांचा प्रश्न एकच : ‘ग्रॅच्युइटीचे पैसे आलेत, गावाकडे दोन एकर धानाची जमीन आहे, ड्रॅगन लावू का?’ मी जे उत्तर दिलं ते तिघांनाही आवडलं नाही. तिघंही समोर बसले आहेत, म्हणून आज सविस्तर सांगतो.

हे झाड मला दिलं ते आपल्या मागच्या बाकावरच्या, वडशाच्या मित्राने. कोण ते तुम्हाला कळलंच असेल. नाव घेत नाही, घेतलं तर मला पुढे बोलता येणार नाही. २०१८च्या फेब्रुवारीत मी त्याच्या घरी गेलो होतो. अंगणात सीताफळाच्या सावलीला एक तीनधारी वेल खांबावर चढलेली होती. त्याने तिचे वीतभर लांबीचे तीन तुकडे कापले, पेपरात गुंडाळले आणि म्हणाला, “आठ दिवस लावू नको, कापलेली जागा वाळू दे. आणि उन्हात नको ठेवू बे, रानातलं झाड आहे हे.” पहिली गोष्ट मी ऐकली. दुसरी ऐकली नाही.

कारण मला वाटलं, निवडुंग मला याच्यापेक्षा जास्त कळतं. नववीत सरांनी फळ्यावर फड्या निवडुंगाची आकृती काढली होती : पानांचे काटे झालेले, खोडात पाणी साठवलेलं, वाळवंटात वाढणारं. ती आकृती मला अजून काढता येते. सर, चूक तुमची नाही, तुम्ही शिकवलं ते फड्या निवडुंगाबद्दल. मी ते सगळ्या निवडुंगांना लावलं आणि कुंड्या गच्चीवर, चंद्रपूरच्या उघड्या उन्हात नेऊन ठेवल्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ला जातो, हे तुम्हाला सांगायला नको. नवतपा लागला आणि तिन्ही खोडं आधी पिवळी, मग पांढरी पडली. हात लावला तर उकडलेल्या बटाट्यासारखी मऊ.

त्यानंतर मी वाचायला बसलो. ड्रॅगन फ्रूट मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतलं. तिथे ते झाडांच्या खोडांवर, खडकांवर चढतं आणि अंगातून फुटलेल्या मुळांनी धरून राहतं. आपल्या मोहाच्या झाडांवर ऑर्किड चिकटून वाढलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते मोहाचा रस शोषत नाही, फक्त त्याच्या अंगावर राहतं. हेही तसंच, फक्त याची मुळं जमिनीतही असतात. म्हणजे झाड निवडुंगाच्याच कुळातलं, पण राहणारं रानात. त्याला पालापाचोळ्याचं खत, गाळीव ऊन आणि लगेच निचरून जाणारं पाणी लागतं. ताडोब्याच्या रस्त्याने तीस वर्षं येजा केली, पण मोहाखालची सावली कशासाठी असते, ते मला या कुंडीने शिकवलं.

तर पहिलं काम सावलीचं. मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत मी वर हिरवी जाळी बांधतो, निम्मं ऊन अडवणारी. कुंडी पूर्वेच्या भिंतीशी ठेवतो, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं टळतं. पाणी संध्याकाळी देतो. हे झाड उन्हात खोडावरची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री उघडतं, आपल्याकडची माणसं उन्हाळ्यात करतात तसंच. कूलरची टाकी भरताना त्यालाही दोन तांबे घालायचे.

दुसरं काम पावसाळ्याचं, आणि ते जास्त अवघड आहे. उन्हातून एक तुकडा कसाबसा वाचला होता. तो ऑगस्टच्या झडीत बुडातून सडला. मी कुंडीत अंगणातली काळी माती भरली होती, ती पाणी सोडेना. शेंड्याकडचा चार बोटं भाग हिरवा होता, तो ब्लेडने कापला, वाळवला आणि पुन्हा लावला. या वेळी एक भाग माती, एक भाग जाड रेती, एक भाग कुजलेलं शेणखत, आणि तळाला विटांचे तुकडे. रंगाचा मोठा डबा घेतला, बुडाला पुष्कळ भोकं पाडली आणि तो दोन विटांवर ठेवला. आज माझ्या गच्चीवर जे काही आहे ते त्या चार बोटांतून आलेलं.

आधाराचीही एक गंमत सांगतो. गडचिरोलीच्या वाटेवर बांबू दिसला की मोह आवरत नाही. मी बांबू रोवला. दुसऱ्या पावसाळ्यात तो बुडाशी कुजला आणि वेलीसकट शेजाऱ्यांच्या गच्चीत पडला. मग लोखंडी पाइप लावला, तर उन्हाळ्यात तो तापून मुळं भाजली. आता सिमेंटचा खांब आहे, त्याला गोणपाट गुंडाळलेलं आणि वर स्कूटरचा जुना टायर अडकवलेला. वेल खांबावर सरळ चढू द्यायची, बाजूचे फुटवे काढून टाकायचे. ती टायरमधून बाहेर येऊन खाली लोंबली की तिथे कळ्या धरतात.

पहिली कळी २०२०च्या जुलैत आली. लॉकडाउनचे दिवस होते. ज्यांच्याकडे ब्रह्मकमळ आहे त्यांना हे ठाऊक आहे : फूल रात्रीच उमलतं आणि सकाळी मान टाकतं. हे त्याचंच भावंड, पण फूल बरंच मोठं, वीतभराहून जास्त. रात्री साडेनऊला मी वडशाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने वहिनींना झोपेतून उठवलं. तिघंचौघं काही न बोलता पाहत राहिलो, मग तो म्हणाला, “आता झोप, फळाला महिना लागतो.” बरोबर बत्तीस दिवस लागले. पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला. कोरोनाची दुसरी लाट होती, मला वडशाला जाता आलं नाही.

होनोलुलूमध्ये पुनाहू नावाची शाळा आहे, बराक ओबामा जिथे शिकले ती. तिच्या दगडी कुंपणावर याच निवडुंगाची वेल १८३०च्या दशकापासून आहे. फुलं आली की लोक ती रात्री बघायला जातात. हे वाचलं तेव्हा मला आपल्या शाळेची मागची पडकी भिंत आठवली. मुख्याध्यापकांनी मनावर घ्यावं, एवढंच म्हणतो.

परागीकरणाचं थोडक्यात सांगतो. पांढऱ्या गराच्या जातीला सहसा आपल्याच परागांवर फळ धरतं. लाल गराच्या बऱ्याच जातींना दुसऱ्या जातीचे पराग लागतात. माझ्या लाल वेलीची फुलं दोन वर्षं नुसती गळत होती. आता रात्री दहाला बॅटरी आणि रंगाचा ब्रश घेऊन गच्चीवर जातो आणि पांढऱ्याचे पराग लालला लावतो. सौ. म्हणतात, या माणसाने घरच्यांसाठी कधी इतकं जागरण केलं नाही. फळ लाल झालं की त्यावर जाळी बांधा, नाहीतर बुलबुल आधी जेवतात.

आता त्या तीन फोनांचं. सांगली, सोलापूरकडे हे पीक यशस्वी झालं, हे खरं आहे. सांगलीच्या तडसर गावचं फळ २०२१मध्ये दुबईला गेलं. बारामतीजवळच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेनेही त्यावर काम केलं आहे. पण तिकडे जमीन मुरमाड आणि पाऊस कमी. आपली धानाची बांधी बांधलेलीच असते पाणी अडवायला. जे धानाला हवं तेच याला मारतं. एकरी चार-पाचशे सिमेंटचे खांब, खांबाला चार रोपं, वर ठिबक आणि मेसाठी जाळी. पैसा पहिल्या वर्षीच जातो. कन्हारात लावू नका. बरड, उताराची जमीन असेल तर बोलू, पण तेव्हाही आधी एक डबा. त्याला एक मे आणि एक ऑगस्ट काढू द्या, मग मला फोन करा. दोघांनी मान हलवली, तिसरा अजून रागावलेला दिसतो. त्याच्याशी जेवताना बोलतो.

नोंदणीच्या टेबलाखाली खोक्यात बेचाळीस तुकडे आहेत, पेपरात गुंडाळलेले. सगळे वडशाच्या वेलीचे. वडशाची मूळ वेल आता राहिली नाही, घर नव्याने बांधताना ती निघाली. त्यामुळे पहिला तुकडा वहिनींसाठी बाजूला ठेवला आहे, तेवढा कोणी उचलू नका. शुक्रवारी कापले आहेत, म्हणजे येत्या शुक्रवारपर्यंत लावायचे नाहीत. बॅगेत आडवे ठेवलेत तरी चालेल, पण कापलेलं टोक वर आहे की खाली ते विसरू नका. मी खालच्या टोकाला लाल दोरा बांधला आहे.