तलाव कोणाचा?



वैनगंगेच्या खोऱ्यातील तलाव हा केवळ पाण्याचा साठा नव्हता; गावाच्या परस्पर व्यवहाराचा तो पाया होता. पावसाळ्यात कोसळणारे पाणी पाळ घालून अडवावयाचे आणि पावसाने ओढ दिली की तुडूम उघडून बांध्यांना द्यावयाचे, या युक्तीवर बालाघाट, गोंदिया, भंडारा येथील धानाची शेती उभी राहिली. तलाव बांधण्यात कोहळी समाज निष्णात. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते.

इंग्रजी अंमलात मध्यप्रांतातील मालगुजार गावाच्या जमिनीचे व तलावांचे मालक ठरले. त्या व्यवस्थेत वेठबिगारी होती, पिळवणूकही होती; तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि पाळ कोणी दुरुस्त करावी, पाणी कोणाला आधी मिळावे, याविषयी गावोगाव रूढी ठरलेल्या होत्या. गावच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज या कागदात नोंदल्या जात. गाळ शेतात जाई, मासे ढिवरांच्या जाळ्यात येत, आणि तलावही खोल राही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व १९५१ मध्ये तलाव शासनाकडे आले. बालाघाट आणि भंडारा तेव्हा एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, परंतु तलावांचे दैव सारखेच राहिले. हक्क शासनाचा झाला आणि गावाला वाटले, आता काळजीही शासनाचीच. गाळ साचला, पात्रात अतिक्रमणे झाली, काठावर बेशरम माजली. महाराष्ट्रात ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा हजारांहून अधिक तलावांपैकी अनेकांची हीच कथा आहे.

मात्र ही कथा येथेच संपत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या पारंपरिक ज्ञानाचा आधार घेऊन काही तलावांत बेशरम उपटली, पात्र नांगरले, देशी पाणवनस्पती लावल्या. वनस्पतींबरोबर देशी मासे परतले, पक्षीही आले. येथे यंत्राहून मोलाची ठरली ती जाणत्यांची स्मृती. बालाघाटच्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण ज्या पाण्यावर धान पिकते, त्या पाण्याची राखण झाली नाही, तर नुसत्या मानांकनाने कोठार भरणार नाही.

ग्रंथालयाचेही असेच आहे. पुस्तके ‘संस्थेची’, म्हणून कोणाचीच नव्हेत, असे सभासदांनी मानले असते, तर वाळवीने शताब्दीची वाट पाहिली नसती. एकाने वर्गणी दिली, दुसऱ्याने फाटके पान चिकटवले, तिसऱ्याने पुस्तक वेळेवर परत केले. म्हणून कपाटे भरलेली राहिली. तलाव कोणाचा, या प्रश्नाचे उत्तरही सातबाऱ्यावर शोधून पुरणार नाही. जो उन्हाळ्यात पाळीवर घमेले उचलतो, त्याचा तो तलाव.