मेडिकेअरचा नकार आणि अपिलाचा मार्ग

अमेरिकेत १९६५ साली कायद्याने स्थापन झालेल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा लाभ मुख्यतः पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना मिळतो, आणि मुलांकडे कायमचे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांनाही, ग्रीनकार्डावर सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर, हप्ता भरून तो घेता येतो. या विम्याच्या ‘बी’ भागात व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजन यंत्र अशा टिकाऊ वैद्यकीय साधनांचा, म्हणजे वारंवार वापरता येणाऱ्या, किमान तीन वर्षे टिकणाऱ्या आणि घरी वापरण्याजोग्या साधनांचा समावेश होतो. वर्षाची ठरावीक रक्कम रुग्णाने स्वतः भरल्यानंतर मंजूर किमतीचे ८० टक्के विमा देतो आणि उरलेले २० टक्के रुग्णाकडे राहतात.

अशा साधनाचा दावा फेटाळला गेला, म्हणजे रुग्णाला त्याची गरज नाही असे सिद्ध झाले, असे नव्हे. पुष्कळदा ती गरज कागदावर नीट उतरलेली नसते. विजेवर चालणाऱ्या खुर्चीसाठी ‘संधिवात, चालताना त्रास’ एवढी नोंद पुरत नाही, कारण रुग्णाला घरातल्या घरात स्वच्छतागृहापर्यंत जाणे, आंघोळ करणे, कपडे घालणे, जेवणे जमते का, काठीने किंवा वॉकरने भागते का, आणि साधी खुर्ची स्वतः ढकलण्याइतके बळ हातांत आहे का, हे तपासले जाते. देवळात किंवा बाजारात जाण्याची निकड कितीही खरी असली, तरी केवळ तिच्यासाठी खुर्ची मंजूर होत नाही.

मूळ मेडिकेअरमध्ये अपिलाच्या पाच पायऱ्या आहेत. निर्णयाची सूचना मिळाल्यापासून १२० दिवसांत दावे हाताळणाऱ्या कंत्राटदार संस्थेकडे फेरनिर्णयाचा अर्ज करायचा असतो. तेथे नकार कायम राहिल्यास १८० दिवसांत दुसऱ्या, स्वतंत्र संस्थेकडे पुनर्विचार मागता येतो. तिसरी पायरी प्रशासकीय न्यायाधीशापुढील सुनावणीची असून तिच्यासाठी वादातील रक्कम ठरावीक मर्यादेइतकी असावी लागते. २०२५ साली ही मर्यादा १९० डॉलर होती. त्यानंतर अपील परिषद आणि अखेरीस संघीय जिल्हा न्यायालय येते, आणि या शेवटच्या तिन्ही पायऱ्यांसाठी प्रत्येकी ६० दिवसांची मुदत असते. खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनेची रीत निराळी असल्याने तिच्या सभासदांनी नकारपत्रावरील मुदतच प्रमाण मानावी.

अर्जासोबत नकाराच्या नेमक्या कारणाला उत्तर देणारे डॉक्टरांचे पत्र आणि तपासणीच्या नोंदी जोडाव्यात. रुग्णाने लेखी प्रतिनिधी नेमल्यास मुलगा किंवा मुलगी त्याच्या वतीने अपील चालवू शकते, आणि प्रत्येक राज्यातील आरोग्यविमा साहाय्य कार्यक्रमात विनामूल्य सल्ला मिळतो.

तथापि, अपिलाचा खरा पाया नकार येण्यापूर्वीच, डॉक्टरांच्या खोलीत घातला जातो. तेथे आपले दुखणे सांगायला संकोचणारे वडीलधारे ‘बरं चाललंय’ म्हणाले, तर तेच नोंदले जाते आणि पुढे तपासनीस तेच वाचतो. म्हणून सोबत गेलेल्या नातेवाइकाने रुग्ण केव्हा पडला, रात्री कोणाच्या आधाराने उठतो आणि कोणते काम त्याने सोडून दिले आहे, हे त्याच भेटीत स्पष्ट सांगून नोंदवून घ्यावे.