कॉकाटीलच्या पिल्लाचे संगोपन
(पशुपालनविषयक व्याख्यानाचा मजकूर)



दारी पोपटाचा पिंजरा टांगण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. परंतु देशी पोपट पकडणे, विकणे वा बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हा आहे. यास्तव पक्षी पाळू इच्छिणारे अनेकजण आता पिंजऱ्यातच पैदास झालेल्या परदेशी पक्ष्यांकडे वळले आहेत. त्यांपैकी एक म्हणजे कॉकाटील. बाजारात त्यास ‘कॉकटेल’ असेही म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात थव्याने राहणारा हा पक्षी काकाकुवाच्या कुळातील सर्वांत लहान होय. त्याचे वजन ८० ते १०० ग्रॅम भरते आणि नीट सांभाळल्यास तो १५ ते २० वर्षे जगतो. म्हणजेच पाचवीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेला पक्षी त्या मुलाच्या लग्नकार्यापर्यंत घरात असू शकतो. एवढी जबाबदारी पेलणार असेल तरच तो आणावा.

पिल्लू केव्हा आणावे, हा पहिला प्रश्न. ‘लहानपणी हाताने भरविले की माणसाळते’ अशी समजूत आहे. म्हणून पंखही न फुटलेली पिल्ले विकली जातात. अननुभवी हाताने भरविताना अन्न थोडे अधिक गरम झाले तर गळ्याजवळची अन्नपिशवी भाजते, घाई झाली तर ते श्वासनलिकेत शिरते, आणि पिल्लू दगावते. पिल्लू आपले आपण दाणे टिपू लागते ते साधारणतः ८ ते १० आठवड्यांनी. त्यानंतरच ते घरी आणावे. माणसाळण्यास तेव्हाही उशीर झालेला नसतो.

लळा लावण्याचे काम धीराचे आहे. पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्यात हात घालू नये. जवळ बसून हलक्या आवाजात बोलावे. पुढे राळ्याचे कणीस हाताने धरावे व पक्ष्याने स्वतः पुढे येण्याची वाट पाहावी. तो निर्धास्त खाऊ लागला की बोट पायांच्या वर, पोटाशी हळूच टेकवावे. तो बोटावर चढतो. हा सराव दिवसातून दोन वेळा, दहा मिनिटे पुरेसा आहे. वरून झडप घालून त्यास कधीही धरू नये, कारण शिकारी पक्षी असाच येतो. तुरा हे त्याच्या मनाचे दर्शक होय. तुरा ताठ उभा राहिला तर तो दचकलेला असतो. मागे चपटा बसवून फुत्कारू लागला तर रागावलेला असतो. अशा वेळी हात मागे घ्यावा.

आहारात राळे, वरी, बाजरी यांसारखी धान्ये असावीत; परंतु नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या पक्ष्यास अ जीवनसत्त्वाची उणीव भासते. म्हणून गाजर, पालक, कोथिंबीर, मोड आलेले मूग रोज द्यावेत. सूर्यफुलाचे बी तेलकट असल्याने बेताने द्यावे. चुन्याच्या अंशासाठी समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवावा. चहा, चॉकलेट, खारवलेले पदार्थ, कांदा आणि ॲव्होकॅडो मुळीच देऊ नयेत. पावसाळ्यात दाण्यांस बुरशी येते. वास आलेले दाणे फेकून द्यावेत.

खरे धोके घरातच असतात. पक्षी मोकळा सोडण्यापूर्वी छताचा पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात व मांजरास बाहेर ठेवावे. मांजराचा नुसता दात लागला तरी त्याच्या लाळेतील जंतूंनी पक्षी मरू शकतो. तेव्हा जखम किरकोळ दिसली तरी तत्काळ दवाखाना गाठावा. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा अति तापल्यास त्यातून निघणारी वाफ माणसास जाणवण्यापूर्वीच पक्ष्याचा प्राण घेते. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. उदबत्ती व धूप यांच्या धुरापासूनही तो दूर असावा. कॉकाटील रात्री अंधारात एकाएकी घाबरून पिंजऱ्यात फडफडतो व जखमी होतो. मंद दिवा ठेवल्यास हे बरेचसे टळते. त्यास रात्री १० ते १२ तास निवांत झोप हवी.

आजार लपविणे हा पक्ष्यांचा स्वभाव आहे. पिसे फुगवून दिवसा बसून राहणे, शेपटी हलवीत श्वास घेणे, विष्ठेचा रंग बदलणे ही लक्षणे दिसली की दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. दर आठवड्यास वजन करून टिपून ठेवावे. पिसांखाली लपलेली रोडावलेली काया काट्यावर उघड होते. या पक्ष्यांपासून माणसास सिट्टॅकोसिस नावाचा ताप होऊ शकतो. म्हणून पिंजरा ओल्या फडक्याने पुसावा, हात साबणाने धुवावेत आणि घरात कोणास ताप व खोकला आल्यास घरी पक्षी असल्याचे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

शेवटी एक गोष्ट. पक्षी नकोसा झाला म्हणून पुण्य समजून आकाशात सोडणारे लोक आहेत. पिंजऱ्यात वाढलेल्या कॉकाटीलला येथील रानात अन्न शोधता येत नाही. कावळे, शिक्रे त्यास टिकू देत नाहीत. सांभाळणे अशक्य झाले तर जाणत्या पालकाच्या हाती तो द्यावा. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांस पक्षी घरी येण्यापूर्वीच सांगितली, तर पुष्कळ जीव वाचतील.