इटालियन शब्दांतील आघात
इटालियन शब्दातील एखाद्या अक्षरावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिगटावर, पडणारा जोर म्हणजे आघात. तो बहुधा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, आणि अनेकाक्षरी शब्दात तो अंत्याक्षरावर असला तरच, 'शहर' या अर्थाच्या 'चित्ता' या शब्दाप्रमाणे, लेखनात त्याचे चिन्ह अनिवार्य ठरते. एरवी तो वाचणाऱ्यानेच ओळखावयाचा असतो, आणि शिकणाऱ्याची खरी कसोटी येथेच लागते. कारण 'कापितानो' या एकाच लेखनाचा अर्थ पहिल्या अक्षरावर जोर दिल्यास 'घडतात' आणि तिसऱ्यावर दिल्यास 'कप्तान' असा होतो. अक्षरविभाजनात दुहेरी व्यंजन दुभंगते, म्हणून रात्रवाचक शब्द 'नोत्-ते' असा तुटतो, 'पा-स्ता'मधील 'स्त' मात्र अखंड राहतो. शब्दसिद्धीत लघुत्वदर्शक 'ईनो' हा प्रत्यय आघात स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे 'गात्तो', म्हणजे मांजर, यातील पहिल्या अक्षरावरचा जोर 'गात्तीनो', म्हणजे मांजराचे पिल्लू, या शब्दात 'ती'वर सरकतो.