कावा आणि चाबूक



घोड्याला लांब दोरावर वर्तुळात फिरवण्याला आपल्या भाषेत ‘कावा देणे’ म्हणतात आणि घोडा शिकवणाऱ्याला चाबुकस्वार. या दुसऱ्या शब्दाने पुष्कळांची दिशाभूल केली, माझीही केली. एक तट्टू डावीकडे नीट फिरे, उजवीकडे वळवले की मागच्या पायांवर उभे राही. मी त्याला नाठाळ ठरवून चाबूक ओढला. आठवड्याने तोंड उघडून पाहतो, तो दाढेच्या धारेने एक गाल आतून सोललेला! मोहरकीचा दाब नेमका तेथेच पडत होता.

म्हणून घोडा बिघडला की आधी दात, पाठ, खूर पाहावेत. दुखणे नसेल, तर आपण उभे कोठे आहो ते पाहावे. त्याच्या खांद्यापुढे सरकलो की तो थांबतो वा उलटतो. मागच्या अंगाला राहिलो की चालतो. पुष्कळदा आपलेच पाऊल ‘थांब’ म्हणते आणि चाबूक ‘चल’ म्हणतो! दोर हाताला कधी गुंडाळू नये. एक पाऊल बरोबर पडताच ताण सोडावा. त्या सोडण्यातूनच तो शिकतो.

रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, हे झेनोफन या ग्रीक सेनानीने सुमारे २,४०० वर्षांपूर्वी लिहिले. आपण तर भीमथडीच्या तट्टांच्या मुलखातले. भवानी पेठेतून वरातीची घोडी निघते, तेव्हा भोवती ताशे वाजतात, मुले नाचतात. केवळ भयाने शिकवलेली घोडी तेथे बिथरली, तर चाबकाची किंमत कोणी द्यायची?