बापाची शुगर, आईची भाकर

नायगावात कुणाला शुगर निघाली, की पारावर निकाल ठरलेला: ‘बापाला होती, पोराला होणारच!’ ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साऊथॅम्प्टनची 3.5. हातपाय काडीसारखे, कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकलेली. दिसायला रोड, आतून लठ्ठ!

आईच्या ताटात कमी, अंगावर शेतातलं काम. म्हणून पोटातलं बाळ काटकसर शिकतं. पुढं त्याच देहाला खुर्चीतली नोकरी आणि दिवसाला चार कप गोड चहा मिळाला, की साखर चढायला वाट मोकळी. शुगरवाल्या बापाबरोबर आजीलाही विचारा, सून गरोदर असताना शेवटी जेवायची का?