ऑपरेशनआधीचे आठवडे



मिरजेला पाहुण्यांची सवय आहे, फक्त त्यांतले निम्मे आजारी असतात. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरज स्टेशनवर उतरणाऱ्याच्या हातात एक्स-रेचं पाकीट नसेल तर रिक्षावाल्यालाच चुकल्यासारखं वाटतं. उरलेले पाहुणे सतार-तंबोरे घ्यायला येतात. तुम्ही तिसऱ्याच कामासाठी, या परिषदेसाठी, आलात, याचा आनंद आहे.

स्वागताध्यक्षानं निवास-भोजनाची चौकशी करून खाली बसावं, अशी रीत आहे. जेवण चोख आहे, तिखट बेताचं ठेवायला सांगितलंय. बसण्याआधी एका विषयावर बोलायची मुभा घेतो: स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनआधी रेडिएशन द्यावं का? मी सर्जन आहे, तेव्हा माझा कल तुम्ही गृहीत धरला असेल. तरी ऐका.

हा अवयव बसलाय अडचणीच्या जागी. पुढे जठर, भोवती ड्युओडेनमचं वळण आणि आतड्याला रक्त पुरवणारी मोठी धमनी व ते परत नेणारी शीर त्याला खेटून. शंभर रुग्णांत जेमतेम पंधरा-वीस जण निदानाच्या वेळी ऑपरेशनजोगे असतात. त्यांचीही गाठ सगळी निघाली असं आम्हाला टेबलावर वाटतं आणि आठवड्यानं पॅथॉलॉजिस्ट कळवतात, कडेला पेशी आहेत. शिवाय व्हिपलचं ऑपरेशन इतकं मोठं, की त्यानंतरची केमो अनेकांना झेपतच नाही. म्हणून क्रम उलटा करावा, असा विचार पुढं आला.

नेदरलँड्समधल्या १६ केंद्रांनी प्रीओपँक ही चाचणी केली. २४६ रुग्ण. एका गटाचं थेट ऑपरेशन, मग जेमसिटाबिन. दुसऱ्याला आधी जेमसिटाबिन आणि त्याच्या जोडीनं १५ बैठकांत ३६ ग्रे रेडिएशन, मग ऑपरेशन. २०२० मध्ये पहिला निकाल छापून आला: मध्यक आयुर्मान १६ महिने विरुद्ध १४.३. फरक सिद्ध झाला नाही आणि पुष्कळांनी तिथंच पान उलटलं. मला मात्र त्याच निबंधातला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटला होता. ज्यांची गाठ काढता आली, त्यांच्यात कडा स्वच्छ निघण्याचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ७१ वर गेलं होतं. २०२२ मध्ये दीर्घ पाठपुरावा छापून आला, तेव्हा पाच वर्षांनी हयात असलेले थेट ऑपरेशनच्या गटात ६.५ टक्के होते, आधी रेडिएशनच्या गटात २०.५. मध्यक जवळपास जागचा हलला नव्हता. फायदा दूरवर पोचलेल्या थोड्या लोकांत होता. या आजारात मध्यकावर निवाडा करायची आपली सवय घातक आहे.

मग अमेरिकेतली अलायन्स चाचणी. १२६ रुग्ण, सगळ्यांना फोल्फिरिनॉक्स ही केमो, निम्म्यांना वर नेमक्या जागी मोठ्या डोसचं पाच बैठकांचं रेडिएशन. रेडिएशनचा गट मधल्या तपासणीतच बंद करावा लागला. दीड वर्षानं केमोच्या गटात ६६.७ टक्के हयात, रेडिएशन जोडलेल्या गटात ४७.३. हे दोन गट एकमेकांशी ताडण्यासाठी चाचणी आखलेली नव्हती, ही तळटीप कोणी वाचत नाही. पुढं डच मंडळींनीच प्रीओपँक-२ मध्ये फोल्फिरिनॉक्स आणि जेमसिटाबिनसह रेडिएशन समोरासमोर उभे केले. दोन्हीकडे मध्यक एकवीस-बावीस महिने. बरोबरी.

या बरोबरीकडे आपण आपल्या बाकावरून पाहायला हवं. फोल्फिरिनॉक्स म्हणजे चार औषधं, छातीत पोर्ट, ४६ तासांचा पंप, दर पंधरा दिवसांनी. धडधाकट रुग्णाला तेच आधी द्यावं, आणि केमोनंतरही गाठ धमनीला धरून राहिली तर रेडिएशनचा विचार ट्यूमर बोर्डाच्या मीटिंगमध्ये व्हावा. पण जतहून आलेली, साखर वाढलेली, काविळीनं खंगलेली पासष्टीची बाई हे पेलेल का? तिच्यासाठी जेमसिटाबिन आणि तीन आठवड्यांचं रेडिएशन हा दुय्यम दर्जाचा उपचार आहे, असं मी मानत नाही. प्रीओपँक-२ मधले रुग्ण दोन्ही उपचार झेपतील असे निवडलेले होते, हे ध्यानात ठेवूनही मानत नाही. तिची खरी अडचण वेगळी आहे: रोज एस.टी.नं यायचं की इथं राहायचं, आणि राहायचं तर कुठं? मशीनच्या जाहिराती करणाऱ्या आपण सगळ्यांनी मशीनशेजारी चार खोल्या बांधल्या असत्या, तर निम्मे अर्धवट उपचार पूर्ण झाले असते, असं माझं मत आहे.

आता तालुक्याहून आलेल्या फिजिशियन आणि एंडोस्कोपी करणाऱ्या मित्रांना विनंती. थेट ऑपरेशन बायोप्सीशिवाय करता येतं. केमो किंवा रेडिएशन नाही. त्यामुळे बायोप्सीसाठी लागणाऱ्या एंडोस्कोपिक सोनोग्राफीची सोय नसेल तर रुग्ण लवकर पुढं पाठवा. ऑपरेशनआधी उपचार ठरले असतील आणि कावीळ उतरवायची असेल तर धातूचा स्टेंट घाला, कारण प्लास्टिकचा मध्येच तुंबतो आणि ताप आला की उपचार थांबतात. आणि सगळ्यात आधी, स्टेंट घालण्यापूर्वी, पॅन्क्रियाज प्रोटोकॉलनं सीटी करा. स्टेंटनंतरच्या सुजेत गाठ कुठं संपते आणि रक्तवाहिनी कुठं सुरू होते हे दिसत नाही, आणि ऑपरेशन आधी की उपचार आधी, हे त्याच एका फिल्मवर ठरायचं असतं. एवढी एक सवय या दोन दिवसांत घेऊन जा.